‘येतो’ म्हणू नये

कुठलाही फॉर्म मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो. हा गर्व नाही, पेशा आहे. गेली चोवीस वर्षं आमच्या कचेरीत मी आवक-जावक सांभाळतो. आलेलं पत्र आवक रजिस्टरात, गेलेलं पत्र जावक रजिस्टरात. बाकीचे लोक निर्णय घेतात, सह्या करतात, बढत्या मिळवतात. पण कागद आत आला की नाही आणि आलेला बाहेर पडला की नाही, हे त्या चार मजल्यांत फक्त मला ठाऊक असतं. त्यामुळे कुत्रा दत्तक घ्यायच्या फॉर्मवरचं सतरावं कलम मीच वाचलं. बायकोने वाचलं नाही. ती तेव्हा पिंजऱ्याच्या जाळीतून आत घातलेली बोटं चाटून घेत होती.

पहिली सोळा कलमं छापील आणि शहाणी होती. पाणी ताजं ठेवावं, लस चुकवू नये, उन्हात बांधू नये. सतरावं कुणीतरी निळ्या शाईने हाताने लिहिलं होतं: ‘निघताना याच्यासमोर “येतो” म्हणू नये.’

“हे काय आहे?” मी निवाऱ्यातल्या ताईंना विचारलं.

“नाही म्हणायचं. बाकी काहीही म्हणा, काका.”

ताई माझ्याहून फार तर चार वर्षांनी लहान असतील, पण काका म्हणाल्या. मी गिळलं. “मग काय म्हणायचं? जातो?”

“चालेल की.”

“चालेल कसं? घरातून निघताना ‘जातो’ कोण म्हणतं?”

त्यावर ताईंनी नुसतं कार्ड पुढे केलं. कुत्रा तीन वेळा दिला गेला होता आणि तीन वेळा परत आला होता. परत करण्याचं कारण तिन्ही घरांनी एकच लिहिलं होतं: जागेअभावी.

“लहान घरं होती वाटतं?”

“पहिल्याला पाच खोल्या होत्या. माणसं दोन.”

“आणि याचा मूळ मालक?”

“एकटेच राहायचे. ‘येतो’ म्हणून गेले.”

“मग?”

“मग काय, काका. सही इथे करा.” सही झाल्यावर त्या जरा मऊ आवाजात म्हणाल्या, “पंधरा दिवसांची चाचणी असते. पंधराव्या दिवशी मी पाचला घरी येऊन बघणार. आता चौथ्यांदा परत आला तर आम्ही कुणाला देत नाही. मागच्या बाजूच्या पिंजऱ्यात ठेवतो. कायमचा.” मागची बाजू मी येताना पाहिली होती. तिथे ऊन येत नव्हतं.

आता कुत्र्याबद्दल. कार्डावर ‘जात’ या रकान्यात ‘मिश्र’ एवढंच होतं, पण ते फारच मोघम झालं. कान एका कुत्र्याचे, शेपूट दुसऱ्याचं, पाय कुणा तिसऱ्याच बुटक्या जनावराचे आणि पाठीवर पांढरा, करडा, तपकिरी असे तुकडे, कुठलाही तुकडा शेजारच्याला विचारून बसवलेला नाही. बायकोने टॅक्सीतच त्याचं नाव ठिगळ्या ठेवलं. तो भुंकत नसे, ओरबाडत नसे, घाण करत नसे. संध्याकाळी मी बसलो की माझ्या पायावर हनुवटी टेकवून पडे. चोवीस वर्षांत कचेरीतल्या कुणालाही माझ्याजवळ बसावंसं वाटलेलं नाही, त्यामुळे मला ते फार आवडलं. मी तसं बोलून दाखवलं नाही, एवढंच.

दुसऱ्या दिवशी कचेरीला निघालो आणि दारात अडलो. तोंडात ‘येतो’ आलेलं, ते बाहेर काढायचं नाही. ‘जातो’ म्हणायला जीभ वळेना. ‘चला’ म्हणून पाहिलं, तर बायको म्हणाली, “कुठे?” ‘निघतो’ म्हटलं, ते रुसून निघाल्यासारखं वाटलं. पाच मिनिटं झाली तेव्हा ती वैतागून म्हणाली, “अहो, काहीच बोलू नका. नुसते जा.” सकाळी नऊला, स्वतःच्या घरात, धर्मपत्नीच्या तोंडून ‘नुसते जा’ ऐकून माणूस कसल्या मनाने काम करणार? त्या दिवशी मी दोन पत्रांना एकच नंबर घातला.

आम्ही दोघांनी जीभ आवरली. पण घरात आम्ही दोघंच थोडेच असतो? तिसऱ्या दिवशी तळमजल्यावरचे चिटणीस आले. हे आमच्या इमारतीच्या समितीचे चिटणीस. इमारतीत डास शिरला तरी त्याने आधी यांची परवानगी घ्यायला हवी, असं त्यांचं मत आहे. ते आले आणि थेट खिडकीजवळच्या माझ्या वेताच्या खुर्चीत बसले.

“कुत्रा ठेवायला समितीचं संमतिपत्र लागतं,” ते म्हणाले. “भुंकतो का?”

“अजिबात नाही.”

“अजिबात नाही? मग राखण कशी करणार?” त्यांनी टिपून घेतलं. “म्हणजे निरुपयोगी प्राणी. त्याला वेगळा नमुना आहे.”

“आणि भुंकला असता तर?”

“मग उपद्रवी प्राणी. त्याला वेगळा.” चहा पिऊन ते उठले. “बरंय. येतो.”

बायकोने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. चिटणीसांना ‘येतो म्हणू नका’ असं कसं सांगणार? म्हणजे ‘येऊ नका’ असंच सांगण्यासारखं झालं, आणि संमतिपत्र तर त्यांच्याच सहीचं. दार लागलं. ठिगळ्या माझ्या पायावरून उठला आणि दारासमोर जाऊन बसला. पाठ ताठ, कान उभे. हाक मारली तरी मान वळवेना.

वीस मिनिटांनी त्याचं शेपूट हललं. तो उठला, दोन पावलं मागे सरला, जसं कुणाला आत यायला वाट देतात तसं, आणि मग कुणाच्या तरी पायांशी अंग घासत चालावं तसा दारापासून खुर्चीपर्यंत चालत आला. दार बंदच होतं. खुर्चीचा वेत करकरला. हा वेत रिकामा कधी करकरत नाही. त्याला निदान सत्तर किलो लागतात.

“वाऱ्याने असेल,” मी म्हणालो. पंखा बंद होता. हे मलाही दिसत होतं आणि बायकोलाही, पण संसारात काही गोष्टी एकमेकांना दाखवायच्या नसतात. मी धीर करून खुर्चीत बसायला गेलो, तर ठिगळ्या हळूच गुरगुरला. रागाने नाही. चुकून दुसऱ्याच्या मांडीवर बसू लागलेल्या माणसाला जसं आपण ‘अहो, अहो’ करतो, तसं. मी खुर्चीच्या बैठकीवर हात ठेवून पाहिला. ती ऊन लागत होती. त्या संध्याकाळी मी वर्तमानपत्र उभ्याने वाचलं.

पाचव्या दिवशी समोरच्या घरातल्या वहिनी आल्या. वीस वर्षांचा शेजार. सल्ला देणं हा त्यांचा श्वासोच्छ्वास आहे. कुत्र्याच्या अंथरुणात टिकटिकणारं घड्याळ ठेवावं, त्याला आपला जुना बनियन द्यावा, त्याच्याशी डोळ्याला डोळा भिडवू नये, आणि मी जरा वजन कमी करावं, असं सगळं त्यांनी सोफ्याच्या डाव्या कोपऱ्यात बसून सांगितलं आणि “येते हं” म्हणून गेल्या. वीस मिनिटांनी ठिगळ्याने त्यांना आत घेतलं. सोफ्याचा डावा कोपरा खचला आणि खचलेलाच राहिला.

रविवारी न्हाणीघराचा गळका नळ बघायला प्लंबर आला. त्याने नळाकडे पाहिलं, माझ्याकडे दयेने पाहिलं आणि म्हणाला, “मोठा पाना लागेल, साहेब. लगेच येतो.” पिशवी तिथेच टाकून तो गेला. हे वाक्य म्हणून गेलेला प्लंबर आजवर कुणाला परत दिसलेला नाही. पण वीस मिनिटांनी ठिगळ्या दारातून न्हाणीघरापर्यंत कुणालातरी सोडून आला, आणि सहा महिने ठिबकणारा नळ बंद झाला. मी आणि बायको न्हाणीघराच्या दारात उभे राहून त्या न ठिबकणाऱ्या नळाकडे बघत होतो. ठिबकण्यापेक्षा ती शांतता भयंकर होती. आत पालथ्या बादलीवर कुणीतरी बसलंय, हे आम्हाला दोघांनाही समजलं होतं. मी आंघोळ कचेरीच्या स्वच्छतागृहात आटोपू लागलो.

याच सुमाराला मी वही घातली. डावीकडे आवक, उजवीकडे जावक. आवकेत तीन नोंदी: चिटणीस, वहिनी, प्लंबर. जावक कोरी. आमच्या खात्याचा साधा नियम आहे, ज्या पत्राची जावक नोंद नाही, ते पत्र कचेरीतच आहे. कुठल्या टेबलाखाली आहे ते दिसत नसेल, पण आहे. वहीकडे बघताना तिन्ही घरांनी ‘जागेअभावी’ का लिहिलं, ते मला कळलं.

जे घरात शिरले होते त्यांचा तसा त्रास नव्हता. त्रास बाहेर उरलेल्यांना होता. वहिनी एकदा दारात आल्या, तोंड उघडलं आणि तशाच उभ्या राहिल्या. “काहीतरी सांगायचं होतं,” त्या हळू म्हणाल्या. “तुमच्याकडेच राहिलंय बहुतेक.” वीस वर्षांत त्या आमच्या दारात गप्प अशा पहिल्यांदाच उभ्या होत्या. तिकडे चिटणीसांनी सूचना फलकावर नोटीस लावली, तिच्याखाली सहीच नव्हती. जिन्यात भेटले तर कमरेवर हात. “काय सांगू,” ते म्हणाले, “चालत असतो तरी बसल्यासारखं वाटतं. आणि समोर सारखी कुणाचीतरी खिडकी दिसते.” मी खिडकीचा रंग विचारला नाही. तो मला माहीत होता.

उपाय प्लंबरमुळे सापडला. आठव्या दिवशी तो पिशवी न्यायला आला, नळ ठिबकत नाही हे पाहिलं आणि त्याचा पारा चढला. “दुसऱ्याकडून करून घेतलंत? मग मला कशाला बोलावलंत? जातो मी. पुन्हा हाक मारू नका!”

ठिगळ्या उठला. त्याने प्लंबरला दारापर्यंत पोचवलं, परत न्हाणीघरात गेला आणि आणखी एकाला दारापर्यंत पोचवलं. नळ ठिबकायला लागला. मी वहीत जावकेखाली पहिली नोंद केली. अक्षर नेहमीसारखंच आलं.

म्हणजे ज्याने त्याने घरी येऊन ‘जातो’ म्हणायला हवं होतं. सोपं वाटतं ना? मग तुम्ही एखाद्या भल्या माणसाला तसं म्हणायला लावून बघा. चिटणीसांना मी तळमजल्यावर गाठलं आणि गोल गोल बोलून विनंती केली. “तोंडी चालत नाही,” ते म्हणाले. “लेखी द्या.” मी लेखी दिलं. ‘विषय: आपण आमच्या घरी येऊन “जातो” असे म्हणण्याबाबत.’ अर्ज मी नियमानुसार केला होता, समासही सोडला होता. चिटणीसांनी तो तीनदा वाचला, आणि तिसऱ्या वाचनानंतर ते दोन-दोन पायऱ्या चढत आमच्या घरात घुसले.

“मला घालवून देता? लेखी? जातो म्हणायला हवंय ना? जातो! हा बघा जातो!” अर्जाचे तुकडे जमिनीवर पडले. खुर्ची करकरली आणि हलकी झाली. ठिगळ्याने दोघांनाही शांतपणे पोचवलं. माझी खुर्ची सुटली. संमतिपत्र मात्र चिटणीसांच्या खिशातच राहिलं.

वहिनींचं अवघड गेलं. “असं अभद्र मी बोलणार नाही,” त्या म्हणाल्या. “वीस वर्षं या दारातून ‘येते’ म्हणून निघालेय.” समजावलं, पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. शेवटी बायकोने डोळे मिटले आणि म्हणाली, “वहिनी, तुम्ही विणून दिलेला स्वेटर मी एकदाही घातला नाही. त्याने मी ओटा पुसते.” वहिनींचा चेहरा असा झाला, की मी भिंतीकडे बघायला लागलो. “जाते मी,” त्या म्हणाल्या. सोफ्याचा कोपरा वर आला. बायको आत जाऊन कपाटातला तो स्वेटर मांडीवर घेऊन रडत बसली. तिने तो एकदाच घातला होता, पण पुसायला कधीच घेतला नव्हता. “एवढं करून हा परत गेला,” ती ठिगळ्याकडे बघून म्हणाली, “तर मी स्वतःला माफ करणार नाही.”

चौदाव्या दिवशी वही जुळली. आवक तीन, जावक तीन. मी माझ्या खुर्चीत बसलो, ठिगळ्याने माझ्या पायावर हनुवटी टेकवली, आणि मला आयुष्यात बढतीची गरज उरली नाही असं वाटलं.

पंधराव्या दिवशी ताई पाचला येणार. संमतिपत्राशिवाय त्या कुत्रा ठेवू देणार नाहीत. चार वाजता मी चिटणीसांची मनधरणी करायला निघालो. गडबडीत चष्मा शोधला, चपला घातल्या आणि दार ओढून घेता घेता म्हणालो, “येतो गं.”

कळलं तेव्हा मी तळमजल्यावर होतो आणि चिटणीसांनी दार उघडलेलं होतं. पण माझ्या नोंदींप्रमाणे वीस मिनिटं हातात होती. दहा मिनिटांत माफी मागायची आणि वर पळायचं.

चिटणीसांनी मला बाकावर बसवलं. “माफीपत्र,” ते म्हणाले. “तीन प्रतींत.” मी लिहायला लागलो. पहिल्या प्रतीत त्यांना ‘दिलगीर’ हा शब्द तोकडा वाटला. दुसऱ्यांदा लिहिलं, त्यात तारीख उजवीकडे हवी होती. भिंतीवरचं घड्याळ बघत मी घोटत होतो. सोळा मिनिटं. अठरा. तिसऱ्या प्रतीच्या मध्यावर माझ्या हाताखाली लाकडी बाकाऐवजी वेत लागल्यासारखा वाटला. समोर चिटणीसांची पिवळी भिंत होती, आणि त्या भिंतीच्या जरा अलीकडे, पाण्यातून दिसावी तशी, माझ्या घरातली खिडकी. पायावर कशाचंतरी ऊबदार वजन आलं. वाकून पाहिलं तर पायावर काही नव्हतं.

“सही करा,” चिटणीस म्हणाले.

मी पेन टेकवलं. चोवीस वर्षांत दिवसाला पन्नास पोचपावत्यांवर सह्या केल्या असतील, पण ती सुरू कुठल्या अक्षराने होते ते मला आठवेना. पेन तसंच धरून मी बसून राहिलो. चिटणीस बराच वेळ माझ्याकडे बघत होते. मग त्यांनी हळूच कागद माझ्या हाताखालून काढून घेतले.

“मलाही असंच झालं होतं,” ते म्हणाले. “राहू द्या.” त्यांनी ड्रॉवर उघडला आणि संमतिपत्र काढून माझ्या हातात दिलं. त्यावर त्यांची सही होती, चांगली ठसठशीत. “लवकर वर जा. फार उशीर करू नका.”

मी बेल वाजवली. बायकोने दार उघडलं आणि तिच्या तोंडचं पाणीच पळालं. “तुम्ही बाहेर?” ती म्हणाली. “मग मी मघापासून कुणाशी बोलतेय?”

“काय बोलत होतीस?”

“सगळंच. स्वयंपाकघरातून. मला वाटलं खुर्चीत बसून ऐकताय. मध्ये मध्ये टोकत नव्हता, चुका काढत नव्हता, म्हणून मी आणखीच बोलले.” ती खाली मान घालून म्हणाली, “बरं वाटत होतं हो.”

मला हे जे लागलं ते कुठे लागलं, ते मी सांगणार नाही. मी आत पाऊल टाकलं, आणि ठिगळ्या गुरगुरला. तो खुर्चीसमोर पसरला होता, हनुवटी जमिनीपासून तीन इंच वर, कशावर तरी टेकवलेली. माझ्या घरातल्या सपाता त्याने आणून खुर्चीपुढे जोडीने नीट मांडल्या होत्या. माझ्याकडे तो अशा नजरेने बघत होता, जशा नजरेने मी वेळ संपल्यावर कचेरीच्या खिडकीशी आलेल्या माणसाकडे बघतो.

साडेचार झाले होते. अर्ध्या तासात ताई येणार, घरच्या धन्यावर कुत्रा गुरगुरताना बघणार आणि त्याला घेऊन जाणार. मला त्याचा राग यायला हवा होता. पण त्याने काय केलं होतं? कुणी ‘येतो’ म्हटलं, की ते खरं धरलं होतं. जगात एवढा विश्वास माझ्या शब्दावर दुसऱ्या कुणी ठेवला असेल, असं मला आठवत नाही. त्याला त्या अंधाऱ्या पिंजऱ्यात सोडणं मला जमणार नव्हतं. मला तो हवा होता. आणि माझ्या पायावर हवा होता, त्या खुर्चीतल्याच्या नव्हे.

“मी म्हणतो,” मी बायकोला सांगितलं.

“अहो, नको. स्वतःच्या घरात? असं बोलू नका.” तिने माझ्या तोंडावर हात ठेवला. मी तो बाजूला केला. “मग मला ऐकायचं नाही,” ती म्हणाली, आणि स्वयंपाकघरात जाऊन तिने नळ मोठा सोडला.

मी उंबऱ्यात उभा राहिलो. आवाज फुटेना. एकदा नुसतीच हवा आली. दुसऱ्यांदा खोकला आला. तिसऱ्यांदा मी म्हणालो, “जातो.”

खुर्ची करकरली. ठिगळ्या उठला आणि कुणाच्यातरी बाजूने, नेहमीसारखा अंग घासत, दाराकडे चालत आला. मी चौकटीला पाठ लावून वाट दिली. माझ्या खांद्याला खांदा लागला. माझ्याच दाढीच्या साबणाचा वास आला. मग जिन्यात पावलं वाजली, सावकाश, डावी चप्पल घासत. मी तशीच घासतो. वर्षानुवर्षं बायको त्यावरून बोलते, पण ते कसं ऐकू येतं ते मला त्या दिवशी कळलं. पावलं खाली जाईपर्यंत ठिगळ्या ऐकत राहिला. मग वळून त्याने माझे पाय हुंगले, एकदा, दोनदा, आणि त्याचं उसनं शेपूट जोरजोरात हलायला लागलं. मी धावत वहीकडे गेलो. सही एका दमात आली.

ताई पाचला आल्या. त्यांनी ठिगळ्याचे कान पाहिले, पाण्याचं भांडं पाहिलं, त्याच्या माझ्याभोवतीच्या उड्या पाहिल्या, संमतिपत्र फाइलला लावलं आणि कार्डावर ‘कायम’ असा शिक्का मारला. “आता परत घेता येत नाही बरं का, काका,” त्या हसून म्हणाल्या. “पण मघाशी खाली भेटलात तेव्हा ओळखसुद्धा दाखवली नाहीत. दोन हाका मारल्या मी.” माझ्या हातून वही निसटली. “चला, जाते मी,” ताई म्हणाल्या, आणि अगदी सहज गेल्या.

बायकोने चहाचं आधण ठेवलं. मी खुर्चीत बसलो. वेत माझ्या वजनाने करकरला, ठिगळ्याची हनुवटी माझ्या पायावर होती, आणि कार्डावरचा शिक्का अजून ओला होता. ती बाहेर येऊन सोफ्यावर बसली, पदराशी चाळा करत.

“एक सांगू? रागावणार नाही ना?”

“आज कशालाच नाही.”

“तुम्ही मघाशी दारातून ते बोललात ना. मी नळ सोडला होता, पण ऐकू आलंच.” ती थांबली. “तेवीस वर्षांची सवय हो. तुम्ही निघालात की तोंडातून आपोआप जातं. मी आतून म्हणाले, ‘लवकर या.’”

माझ्या पायावरचं वजन हललं. ठिगळ्या उठला. दारासमोर जाऊन बसला, पाठ ताठ, कान उभे. जिन्यात खाली कुठेतरी डावी चप्पल घासली. त्याचं शेपूट हलायला लागलं, तो दोन पावलं मागे सरला. इतका आनंदलेला मी त्याला पाहिला नव्हता. बायकोने माझा हात धरला.

“परत करता येत नाही,” ती पुटपुटली.

“कोण करतंय परत,” मी म्हणालो. पावलं आमच्या मजल्यावर आली. मी खुर्चीतून उठलो, सपाता खुर्चीपुढे जोडीने लावल्या आणि सोफ्यापाशी जाऊन बायकोला म्हणालो, “जरा सरक.”